म्हसावदच्या रस्त्यावरचा हिशेब

महाराष्ट्राचा नकाशा उघडा बरं! वर, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवा. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश आणि मधे घुसलेलं महाराष्ट्राचं टोक. हा आमचा नंदुरबार जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातल्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हसावद हे गाव आहे.

चला, शहाद्याहून एस.टी.त बसा आणि उत्तरेकडे निघा. खिडकीतून काय काय दिसतं? केळी, पपई, ऊस, कापूस. काळी कसदार जमीन. विहिरींवर विजेचे पंप. कुणाच्या दारात ट्रॅक्टर, कुणाच्या दारात मोटारसायकल. म्हसावद आलं, की समोर डोंगरांची निळसर भिंत उभी राहते. तोच सातपुडा! इथून पुढे रस्ते वर चढतात. एक धडगावकडे जातो, एक तोरणमाळकडे.

घाट चढला, की चित्रच पालटतं. गाव असं एका जागी दिसत नाही. या टेकडीवर चार घरं, त्या टेकडीवर सहा. हे पाडे. इथे पावरा आणि भिल्ल लोक राहतात. कुडाच्या भिंती, वर कौलं. उताराच्या शेतात मका नि ज्वारी. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि चारोळी वेचायची. पावसाळा संपला, की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला नि मजुरीला गुजरातेत जातात.

आता या रस्त्यावर एक गणित सोडवू या. खाली पंप, ट्रॅक्टर, फ्रिज. वर चूल आणि दोन-तीन दिवे. कोळसा, डिझेल, पेट्रोल कुणामुळे जास्त जळलं? उत्तर सोपं आहे. पण जरा थांबा. म्हसावदच्या घरापेक्षा मुंबई-पुण्याचं घर जास्त जाळतं आणि त्याहून जास्त अमेरिकेतलं घर! म्हणजे आपला हा रस्ता पुष्कळ लांबचा आहे. तो पाड्यापासून निघतो आणि थेट सातासमुद्रापार जातो.

हे जळण मोजायचं कशाला? तर कोळसा नि तेल जाळलं, की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तो पृथ्वीभोवती पांघरुणासारखा बसतो आणि उष्णता अडवून धरतो. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे साल आजवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण साल ठरलं. बरं, हा वायू शेकडो वर्षं हवेत टिकतो. आपल्या खापरपणजोबांच्या काळी कुठल्याशा देशात जळलेला कोळसा आजही आपल्याला तापवतो आहे!

मग निस्तरायचं कुणी? १८५० पासून जगाने कोळसा-तेल जाळून जेवढा वायू सोडला, त्यातला जवळजवळ पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा हिस्सा आहे शेकडा तीनच्या आसपास. आजही अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन वायू निघतो, आपल्याकडे सुमारे २ टन. १४ भागिले २ किती? सात! एक अमेरिकन माणूस सात भारतीयांएवढा वायू सोडतो.

'चला, सुटलो आपण!' असं म्हणू नका हं. एका वर्षाचा देशांचा हिशेब मांडला, तर चीनचा नंबर पहिला, अमेरिकेचा दुसरा आणि भारताचा तिसरा येतो. शिवाय सरासरी नावाची एक लबाडी असते. समजा, एका मुलाच्या ताटात सहा लाडू आहेत आणि दुसऱ्याच्या ताटात एकही नाही. सरासरी निघते माणशी तीन लाडू! दुसऱ्याचं पोट भरलं का? माणशी दोन टनांचा आपला आकडा तसाच आहे. त्यात एसी लावून झोपणारं घर आहे आणि डोंगरातला पाडाही आहे. पाड्यामागे लपून शहराने 'आमचा हिस्सा थोडा' म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

१९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ शहरात जगातले देश जमले. जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही, असं तिथे ठरलं. पूर्वीपासून ज्यांनी जास्त जाळलं आणि ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांनी पुढे व्हायचं. २०१५ साली पॅरिसला करार झाला. नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांसाठी निधी काढायचं मात्र २०२२ साली ठरलं. रिओनंतर तीस वर्षांनी!

आमच्या डोंगरात हा न्याय फार जुना आहे. त्याला 'लाह' म्हणतात. कुणाचं घर बांधायचं असलं किंवा शेताचं मोठं काम अडलं, की शेजारपाजारचे लोक येतात. मजुरी घेत नाहीत. ज्याचं काम, तो सगळ्यांना जेवू घालतो. ज्याला जे जमेल ते त्याने करायचं. म्हाताऱ्या आजीला कुणी लाकूड उचलायला सांगत नाही आणि धट्टाकट्टा गडी नुसता बसला, तर त्याला कुणी सोडतही नाही!

डोंगराने आपला वाटा उचलून दाखवला आहे बरं का! धडगाव तालुक्यात बिलगाव नावाचं गाव आहे. तिथे उदई नदीचा धबधबा आहे. गावकऱ्यांनी श्रमदान केलं, केरळातले अभियंते मदतीला आले आणि २००३ साली त्या पाण्यावर १५ किलोवॅटचं छोटं वीजघर सुरू झालं. धूर नाही, कोळसा नाही. पाड्यांवर दिवे लागले. १५ किलोवॅट म्हणजे किती? शहरातल्या एका इमारतीतले दहा एसी चालतील, एवढीच वीज. पण २००६ च्या पावसाळ्यात पूर आला आणि ते वीजघर गेलं.

त्याच डोंगरापलीकडे नर्मदा वाहते. तिच्यावर गुजरातेत सरदार सरोवर धरण आहे. त्याचं पाणी दूरदूरच्या शेतांना मिळतं आणि वीजही बिनधुराची. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा शेकडा २७. पण त्यासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात आली. कितीतरी कुटुंबं डोंगर सोडून शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आली. म्हणून म्हणते, उपाय करतानाही वाटणी नीट हवी. ज्याने सर्वांत कमी जाळलं, त्याच्याच अंगणात सगळं ओझं टाकायचं नाही.

ऊन मात्र वाटणी पाहत नाही. हवा तापली, की ती जास्त बाष्प धरते. मग कधी पावसाचे दिवस कोरडे जातात, तर कधी एकदम धो धो कोसळतो. सपाटीवरचा शेतकरी पंप लावून पीक जगवतो. उतारावरची माती मात्र एका सरीत वाहून जाते आणि माणसं मजुरीला खाली उतरतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही जातात. वर्गातली बाकं रिकामी होतात. हाही त्या हिशेबातलाच आकडा आहे, फक्त तो कुणी टनांत मोजत नाही.

मग तुम्ही काय कराल? दिवा बंद करा, जरूर करा. पण सगळी पृथ्वी तुमच्याच खांद्यावर आहे, असं समजू नका. वीज कोळशावर करायची की उन्हावर, हे ठरवणारी माणसं मोठी आहेत. त्यांना प्रश्न विचारणं हे तुमचं काम.

सुरुवात घरापासून करा. या महिन्याचं विजेचं बिल घ्या. वापरलेली युनिटं पाहा आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागा. कोळशावरची एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आलेला आकडा वहीत लिहा. मग आई-बाबांना जवळ बसवा आणि विचारा, 'पाड्यापासून अमेरिकेपर्यंतच्या रस्त्यावर आपलं घर कुठे आहे? आणि लाहेला बोलावलं, तर आपण काय उचलणार?'

उत्तर चटकन येणार नाही. पण बिल दर महिन्याला येतं. प्रश्नही दर महिन्याला विचारा!