पाण्याविना बारा सेकंद

सांगलीच्या मामांचं आयुष्य ट्रॅक्टरच्या गॅरेजात गेलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना पाणी संपून बसलेली किती इंजिनं त्यांनी उघडली असतील, याची गणती नाही. इकडे आम्ही ब्लॉकमध्ये पाणी न ठेवता इंजिन चालवतो, असं फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘पाण्याबिगर? सीज हुईल की रं.’’

शेतातल्या इंजिनापुरतं मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. नांगराला जुंपलेलं इंजिन दिवसभर एकसारखी उष्णता तयार करतं आणि ती तितक्याच वेगानं बाहेर काढावी लागते. मी इंडियानात डिझेल इंजिनांच्या मशीन शॉपमध्ये काम करतो आणि उन्हाळ्यात एका मका-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचा पुलिंग ट्रॅक्टर सांभाळतो. त्या इंजिनाचा सगळा जोर दहा-बारा सेकंदांत लागून संपतो.

ट्रॅक्टर पुलिंग हा खेळ इथल्या शेतकऱ्यांचा. त्यांची राष्ट्रीय संघटना 1969 मधली. ओहायोतल्या बोलिंग ग्रीनची ऑगस्टमधली स्पर्धा त्याहूनही जुनी, 1967 पासूनची. ट्रॅक्टरमागे स्लेज जोडतात. तिची मागची बाजू चाकांवर असते आणि पुढची बाजू एका रुंद लोखंडी पत्र्यावर मातीला टेकलेली. ट्रॅक्टर जसा पुढे जातो, तशी स्लेजवरची वजनाची पेटी मागून पुढे सरकते, पत्रा मातीत दाबला जातो आणि ओझं वाढत जातं. 300 फूट ओढलं की ‘फुल पुल’. आमच्या प्रो स्टॉक वर्गात डिझेल इंजिन 680 घनइंचांपर्यंत, म्हणजे अकरा लिटरच्या थोडं वर, टर्बो एकच, ट्रॅक्टरचं वजन 10,000 पौंडांपर्यंत. अशा इंजिनातून दोन हजारांहून जास्त अश्वशक्ती काढतात.

मामांना मी कागदावरचा हिशेब वाचून दाखवला. 2,000 अश्वशक्ती म्हणजे जवळपास 1,500 किलोवॉट. भिंती, हेड आणि पिस्टन यांत शिरणारी उष्णता त्याच्या निम्मी धरू, 750 किलोवॉट. बारा सेकंदांत झाले 9,000 किलोज्यूल. ब्लॉक, हेड, क्रँक मिळून 600 किलो लोखंड धरलं, तर ही उष्णता सगळीकडे सारखी वाटल्यावर तापमान वाढतं साधारण 33 अंशांनी. आकडे ढोबळ आहेत, पण दुप्पट चुकले तरी इंजिन वितळत नाही. बारा सेकंदांपुरतं लोखंडच रेडिएटरचं काम करतं.

खरी अडचण ‘सारखी वाटल्यावर’ या शब्दांत आहे. ओतीव लोखंडातून उष्णता सावकाश चालते. बारा सेकंदांत ती जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत पोचते. म्हणजे पुल चालू असताना सिलिंडरच्या लायनरची आतली बाजू आणि हेडमधल्या दोन व्हॉल्वसीटांमधली अरुंद पट्टी भाजत असते, आणि ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला त्याचा पत्ताही नसतो. इंजिन बंद केल्यावर ती उष्णता पुढे सरकायला लागते. चुलीवरून उतरवलेल्या कढईत भाजी शिजत राहते, तसं बंद इंजिन आतल्या आत तापत राहतं. लायनरच्या खालच्या रबरी रिंगांना सर्वात जास्त ताप पुलमध्ये लागत नाही, नंतर लागतो. म्हणून पुल संपल्यावर ट्रॅक सोडून इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. फिरतं तेल पिस्टनखालची आणि बेअरिंगांतली उष्णता उचलत राहतं. ब्लॉक कोरडा असला की तेल हेच कूलंट असतं, आणि त्याचं तापमान तशाच काळजीनं बघावं लागतं.

मग पाणी काढायचंच कशाला? ताकदीसाठी. पाण्याची जागा म्हणजे ब्लॉकमधली पोकळी. मूळचं शंभर-दीडशे अश्वशक्तीचं ओतकाम इतक्या दाबाखाली आणलं की भिंती फाकतात, बोअर गोल राहत नाही, रिंगा सील सोडतात. आणि हेड गॅस्केट फुटलंच, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कोरड्या ब्लॉकमध्ये गॅस्केट गेलं तर वायू बाहेर फुसफुसतो, पुल वाया जातो, पण क्रँक वाचतो.

पण ‘कोरडा ब्लॉक’ या एकाच नावाखाली लोक फार वेगवेगळ्या गोष्टी करतात, आणि इथे माझं मत ठाम आहे. नुसता कॉक उघडून पाणी सोडून देणं हे मला अजिबात मान्य नाही. शेतीच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत ओले लायनर असतात. त्यांच्या पाठीला थेट पाणी लागतं. लायनर वरच्या कॉलरवर टांगलेला आणि खाली रबरी ओ-रिंगांत अडकलेला, मध्ये मोकळा. पाणी काढलं की मध्ये उरते हवा, आणि हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही. लायनरला ना आधार उरतो, ना उष्णतेला वाट. सगळा ताप कॉलरमध्ये आणि त्या बिचाऱ्या रबरांत जमतो. मामांनी पाहिलेली सीज इंजिनं ती हीच.

दुसरी रीत म्हणजे पोकळीत सिमेंटसारखा घट्ट बसणारा मसाला ओतून ब्लॉक भरून टाकायचा. भिंतींना पाठीमागून टेकू मिळतो आणि उष्णतेलाही थोडी वाट मिळते. हे काम घाईचं नाही. आधी पोकळीतला गंज आणि गाळ पूर्ण काढायचा, मग मसाला हवेचा बुडबुडा न राहता भरायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि त्यानंतरच बोअर आणि होनिंग करायचं, कारण भरल्यावर भिंती किंचित हलतात. तिसरी रीत मुळातच पाण्याची जागा न ठेवता बनवलेल्या भरीव ब्लॉकची. ती सर्वात चांगली आणि सर्वात महाग.

मेथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. ती इंजिनं कोरडी सुखानं चालतात, हे खरं. मेथेनॉलची वाफ व्हायला किलोमागे सुमारे 1,100 किलोज्यूल लागतात, आणि पूर्ण ज्वलनाला साडेसहा किलो हवेमागे जवळपास एक किलो मेथेनॉल लागतं. तेवढ्याच हवेमागे पेट्रोल जेवढं थंड करतं, त्याच्या सातपट मेथेनॉल करतं. डिझेल मात्र आधीच दाबून तापलेल्या हवेत फवारलं जातं. त्याच्याकडून हा गारवा मिळत नाही. मेथेनॉलवाल्याचा अनुभव डिझेलवाल्यानं जसाच्या तसा उचलू नये.

पाणी गेलं की तापमानाचा काटाही निरुपयोगी होतो. सेन्सर हवेत लोंबकळतो आणि धातू भाजत असताना काटा थंड दाखवतो. म्हणून आम्ही एक्झॉस्टचा पायरोमीटर, तेलाचं तापमान आणि ब्लॉकच्या धातूत बसवलेला थर्मोकपल यांच्यावर भिस्त ठेवतो. वॉर्मअपही वेगळा. सगळे सिलिंडर सारखे तापवायला फिरतं पाणी नाही आणि अॅल्युमिनिअमचा पिस्टन लोखंडाच्या दुप्पट फुगतो. 120 मिलिमीटरचा पिस्टन 100 अंशांनी तापला तर पाव मिलिमीटरहून जास्त वाढतो. गार लायनर तेवढी जागा देत नाही. म्हणून क्लिअरन्स थोडा मोकळा ठेवायचा, तेल आधी गरम करून भरायचं आणि इंजिन निवांत तापू द्यायचं.

आमचा ब्लॉक भरलेला आहे, पण हेडमध्ये मी पाणी ठेवलंय: छोटी टाकी, विजेचा पंप, आणि पुलनंतर ट्रॅक्टर ट्रेलरवर चढेपर्यंत तो पंप चालू. शेतकऱ्याला पुढच्या हंगामात हेडही कोरडं हवंय. एक पाइप कमी, एक गळती कमी, हे त्याचं म्हणणं. मला त्या व्हॉल्वसीटांमधल्या पट्टीची भीती आहे, कारण तडा तिथूनच सुरू होतो. तिथे एक थर्मोकपल बसवून हेडमध्ये पाणी असताना ती पट्टी किती तापते आणि किती वेळात निवते, ते आधी पाहू, असं मी त्याला सांगितलंय. चांगल्या हेडला भोक पाडायचं म्हटल्यावर तो अजून तयार नाही. पण जुनं, सीट झिजलेलं एक हेड शॉपच्या रॅकवर पडलंय. या हिवाळ्यात त्याला नव्या सीट घालून, भोक पाडून तेच चढवायचं, यावर आमचं जमत आलंय.