मामांचा फिल्टर

आम्हा मेकॅनिकलच्या पोरांना एक खोड असते. काहीही दिसलं की त्यातला पंप कुठला, पाइप कुठला, फिल्टर कुठला हे शोधायचं. शरीर तर त्या मानाने सोपंच वाटतं. हृदय म्हणजे पंप, मिनिटाला साधारण पाच लिटरचा. फुप्फुसं म्हणजे एअर इनटेक. किडन्या म्हणजे फिल्टर. झालं, पुढचं युनिट!

माझे मामा गॅरेजवाले, त्यामुळे तेही याच मताचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. आपलं कॉलेज त्याच शहरात असल्यामुळे शनिवारची सोबत माझ्याकडे.

तिथला डायलायझर पाहून हीट ट्रान्सफरची लॅबच आठवते. फूटभर लांबीची पारदर्शक नळी, आत केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंचा जुडगा. तंतूंच्या आतून रक्त, मिनिटाला सुमारे ३०० मिलीलिटर. बाहेरून उलट दिशेने क्षारांचं पाणी, सुमारे ५००. म्हणजे चक्क शेल अँड ट्यूब, काउंटरफ्लो! व्हायवाला विचारतात ना, काउंटरफ्लोच का? उत्तर तेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंतला फरक टिकून राहतो. फक्त इथे उष्णतेऐवजी युरिया पलीकडे जातो. १९४३ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने असं पहिलं यंत्र बनवलं, तेही महायुद्धात, सॉसेजसाठी वापरायची सेलोफेनची नळी लाकडी ड्रमवर गुंडाळून. याला म्हणतात जुगाड.

एका शनिवारी मामांनी विचारलं, "काय रे इंजिनिअर, फिल्टर साफ केला की गाडी चढ चढते. मग मला एक जिना चढताना धाप का लागते?"

प्रश्न बिनतोड होता. सिस्टरांनी रिपोर्ट दाखवला: हिमोग्लोबिन ८. रक्त स्वच्छ होत होतं, पण पुरेसं तयार होत नव्हतं. रक्तातला ऑक्सिजन कमी पडतोय हे किडनीला कळतं आणि ती एक हार्मोन सोडते, एरिथ्रोपोएटिन. ते हाडांतल्या मगजाला सांगतं, तांबड्या पेशी वाढव. म्हणजे फिल्टरच्या आत सेन्सर आणि कंट्रोलरही बसवलेला! मशीनला हे जमत नाही, म्हणून मामांना त्याचं इंजेक्शन घ्यावं लागतं. हाडांसाठी लागणारं 'ड' जीवनसत्त्व शेवटी कामाचं बनवते तीही किडनीच. रक्तदाबावरही तिचा हात असतोच.

आणि नुसतं गाळण्याचं बोलायचं तरी दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं हिशोबाने परत घेतात. रात्रंदिवस. मामांचं मशीन चालतं आठवड्याच्या १६८ तासांतले १२ तास. उरलेल्या वेळात पाणी मोजून प्यायचं, नाहीतर पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साठतं. पोटॅशियम साठलं तर थेट हृदयाचा ठोका बिघडतो. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला लोक हटकून शहाळं आणि केळी आणतात. मामांना दोन्ही वर्ज्य! ती अर्थातच माझ्याबरोबर होस्टेलवर येतात आणि रूमपर्यंत पोचायच्या आत संपतात.

मामांच्या डाव्या हातात धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला केला आहे, सुई टोचायला शीर जाड व्हावी म्हणून. त्यावर बोट ठेवलं की सतत थरथर जाणवते. मामा रोज सकाळी ती तपासतात आणि म्हणतात, "आयडलिंग व्यवस्थित आहे."

आता प्रत्यारोपणाची चर्चा चालू आहे. कायद्याने सख्खी बहीण किडनी देऊ शकते आणि एका किडनीवर निरोगी माणूस नीट जगू शकतो. आईचा रक्तगट जुळला आहे. पण मामा अडून बसलेत. "भाऊबीजेला मी ओवाळणी घालायची, का तिच्याकडून किडनी घ्यायची?"

आईने यावर काहीच उत्तर दिलेलं नाही. पुढच्या तपासणीची तारीख तेवढी घेऊन टाकली.