बिनतारी पाटी




पालक सभेत गुणांची चौकशी झाली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलगी संगणकावर चित्रं काढायची पाटी मागते आहे. वायरची घ्यावी की बिनावायरची?" दुकानात या वस्तूचे नाव पेन टॅब्लेट किंवा ग्राफिक टॅब्लेट. पण टॅब्लेट म्हटले की कुणाला मोठा मोबाईल वाटतो आणि आजी-आजोबांना औषधाची गोळी. म्हणून आमच्या मुलांनीच तिला पाटी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव शाळेत रूढ झाले. नाव चपखल आहे. काळी सपाट फळी आणि वर लिहायला लेखणी. फरक एवढाच की लिहिलेले पाटीवर उमटत नाही, समोरच्या पडद्यावर उमटते.

2024-25 च्या सत्रात देणगीच्या रकमेतून शाळेने अशा सहा पाट्या घेतल्या. पाच तारेच्या आणि एक बिनतारी. असे का, याची नोंद इतिवृत्तात एका ओळीची आहे. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण घरासाठी खरेदी करणाऱ्या पालकांनाही बराचसा तोच हिशेब लागू पडतो.

बैठकीत दोन मते होती. एक मत असे की घ्यायच्याच तर सहाही बिनतारी घ्या, जुनी वस्तू नव्याने कशाला विकत घ्यायची? दुसरे मत एका ज्येष्ठ विश्वस्तांचे. ज्या इंदुरात देवळालीकर गुरुजींनी मुलांना चित्रकला शिकवली, तिथे कागद आणि रंग सोडून ही यंत्रे हवीतच कशाला, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न रास्त होता. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेनही इंदूरच्याच कलाशाळेचे विद्यार्थी. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी तर काटक्या, पाने, बिया आणि टाकाऊ वस्तूंमधून चित्रे उभी केली. या गावात चित्रकला साधनांवाचून कधी अडली नाही.

त्या मताचा उपयोग झाला. चित्रकलेचे दोन्ही तास कागदावरच राहिले, रंगपेट्यांच्या तरतुदीला हात लावला नाही, आणि पाटीसाठी संगणकाच्या तासांतला एक तास दिला. मला ही वाटणी योग्यच वाटते. आठवीची मुले कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर जाऊन पेन्सिलीने रेखाटन करतात, नंतर तेच रेखाटन संगणक कक्षात रंगवतात. छत्रीची कमान डोळ्यांनी मोजायचे काम पाटी करून देत नाही.

आता खरेदीविषयी. पालकांना माझे सांगणे असे की आधी तार पाहू नका, पेन पाहा. चांगल्या पाटीच्या पेनात सेल नसतो आणि ते चार्जही करावे लागत नाही. मुलांना ही जादू वाटते, म्हणून विज्ञानाच्या सरांनी एका तासाला पाटीच उदाहरणाला घेतली. पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांचे जाळे असते. त्यातून क्षीण विद्युतचुंबकीय लहरी निघतात, पेनातले बारीक वेटोळे त्या लहरींना प्रतिसाद देते, आणि त्या प्रतिसादावरून पेन कुठे आहे व किती दाबले आहे हे पाटीला कळते. जपानच्या वॅकॉम कंपनीने असे बिनसेलचे पेन 1980 च्या दशकातच आणले होते. आज इतर कंपन्यांच्या स्वस्त पाट्यांतही ते मिळते. तरी काही पेनांत सेल घालावा लागतो किंवा पेन चार्ज करावे लागते. असे पेन लहान हाताला जड पडते आणि नेमके चित्र रंगात आले की बंद पडते. ते टाळावे.

डब्यावर मोठ्या अक्षरांत 4096, 8192 असे आकडे असतात. पेनाचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो, त्याचे हे आकडे. दुकानदार त्यावरून भाव वाढवून सांगतात. शिकणाऱ्या मुलाला 2048 देखील पुरतात. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी दोन वेगळ्या आकड्यांच्या पाट्यांवर एकाच ब्रशने रेघा काढल्या आणि कोणती रेघ कोणत्या पाटीची ते आम्हाला ओळखायला सांगितले. कुणालाही ओळखता आले नाही.

आकडा पाहायचाच तर काम करणाऱ्या भागाच्या लांबी-रुंदीचा पाहावा. साधारण 6 बाय 4 इंचांची छोटी पाटी कीबोर्डशेजारी मावते, पण तिच्यावर हात मनगटापासून हलतो. 10 बाय 6 च्या आसपासची पाटी असेल तर कोपरापासून हात फिरवता येतो आणि लांब रेघ एका दमात येते. घरी टेबल मोठे असेल तर दुसरी घ्यावी. आणखी एक तपासून घ्यावे. घरच्या संगणकातले विंडोज जुने असेल तर नव्या पाटीचा ड्रायव्हर त्यावर बसेलच असे नाही. डब्यावर ते लिहिलेले असते, कुणी वाचत नाही.

ड्रायव्हर बसवल्यावर बांगडीची परीक्षा करावी, ही आमच्या बाईंची युक्ती. पाटीवर बांगडी ठेवायची आणि तिच्या कडेने पेन फिरवायचे. पडद्यावर गोल आला तर ठीक. लांबोळा आला तर पाटीचे आणि पडद्याचे प्रमाण जुळलेले नाही, ते ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुळवावे लागते. हे न करता मुले महिनोन्महिने चित्रे काढतात आणि आपल्या माणसांचे चेहरे लांबट किंवा पसरट का येतात, याचा विचार करत बसतात. डावखुऱ्या मुलांसाठीही तिथेच वेगळी सेटिंग असते. ती लावून पाटी उलटी फिरवली की बाजूची बटणे योग्य हाताला येतात. आमच्याकडची तीन मुले डावखुरी आहेत. त्यांना बेंचवर नेहमी दुसऱ्याचे कोपर लागते, इथे लागत नाही.

मग तार. बिनतारी पाटी संगणकाशी दोन तऱ्हांनी बोलते. एक ब्लूटूथने, दुसरी नखाएवढ्या रिसीव्हरने, जो संगणकाच्या यूएसबी खाचेत बसतो. आमच्या कक्षातल्या जुन्या संगणकांना ब्लूटूथच नाही, आणि रिसीव्हर इतका लहान की तो सहावीच्या मुलांच्या कंपासपेटीत कधी जाईल सांगता येत नाही. शिवाय ब्लूटूथ, असे रिसीव्हर, बिनतारी माऊस आणि बरेचसे वाय-फाय ही सगळी मंडळी 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात असतात. एका खोलीत गर्दी झाली की रेघ हातामागून रेंगाळत येते किंवा मध्येच तुटते. छटेसाठी भराभर बारीक रेघा मारताना हे फार जाणवते. सहा पाट्यांचे चार्जिंग रोज कुणी पाहायचे हाही प्रश्न होताच. बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि पुष्कळ पाट्यांत ती सहज बदलता येत नाही. किमतीचे म्हणाल तर तेवढ्याच आकाराची बिनतारी पाटी पुष्कळदा दीडपट, कधी दुपटीपर्यंत जाते. एवढे सगळे करून मुलगा त्याच खुर्चीवर, त्याच टेबलाशी बसणार असेल तर तारेने त्याचे काय बिघडते? घरी एका जागी बसून चित्र काढायचे असेल तर तारेची घ्या, असेच मी पालकांना सांगते.

आणि तरीही सहापैकी एक बिनतारी घेतली, ती बाईंच्या आग्रहामुळे. तिचे काम संगणक कक्षात नाही, सभागृहात आहे. तिथे लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडतो, मुले सतरंजीवर बसतात आणि पाटी मांडीवरून मांडीवर फिरते. दहा मीटरच्या आतबाहेर ती चालते, मागच्या रांगेपर्यंत पोहोचते. इतकी वर्षे मी वर्ग पाहते आहे. फळ्याजवळ येऊन काढून दाखव म्हटले की चार-पाच धीट मुलेच उठतात, बाकीची मान खाली घालतात. इथे उठावेच लागत नाही. जागच्या जागी बसून काढले की भिंतीवर दिसते, आणि सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे असतात, काढणाऱ्याच्या तोंडाकडे नाही. सातवीतल्या एका मुलाचा आवाज मी दोन वर्षांत प्रार्थनेशिवाय ऐकला नव्हता. त्याने मांडीवर पाटी घेऊन बैलाची जोडी काढली. पाय चुकले तेव्हा आधी तोच म्हणाला, "थांबा, मागचा पाय मागे पाहिजे." बिनतारीचे जादा पैसे तिथे वसूल झाले, असे मला त्या दिवशी वाटले.

सभागृहात दुसरे काम चालते ते अक्षरांचे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. माझ्या हातून आजही हिंदी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'श' उतरतो. आमच्या मुलांची पाठ्यपुस्तके, दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रे सगळी त्याच वळणाची. मराठीच्या बाई बिनतारी पाटीवर मराठी 'ल' सावकाश काढतात, दोन्ही पोटे कशी वळतात ते भिंतीवर हातभर मोठे दिसते, मग पाटी मुलांकडे जाते. जाड-बारीक वळण दाबाने येते, बोरूने यायचे तसे. 'ळ' मात्र मुलांना फार आवडतो, एकदा हात बसला की पडदाभर 'ळ' काढत सुटतात.

कार्यक्रम कोणता वापरता, असे पालक विचारतात. क्रिता. तो फुकट मिळतो आणि कायदेशीर आहे. चोरीचे महागडे सॉफ्टवेअर घरच्या संगणकात टाकून मुलांना शाळेत प्रामाणिकपणाचे पाठ देणे मला जमणार नाही. क्रितात एका बाजूला काढलेली रेघ सर्व बाजूंना आपोआप उमटवणारे साधन आहे. पाचवीच्या मुलींनी त्यावर रांगोळ्या काढल्या. सुंदर आल्या, पण त्यांतल्या एकीच्या आजी पाहून म्हणाल्या, "यात ठिपके कुणी मोजले?" उत्तर कुणाकडेच नव्हते. पुढच्या आठवड्यात बाईंनी ते साधन बंद ठेवून ठिपक्यांची रांगोळी काढायला लावली.

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत मुले कंटाळतात, हे लक्षात असू द्या. हात खाली, नजर वर, ही सवय लागायला वेळ जातो. त्या काळात पाटीवर बारीक कागद ठेवून त्यावर आधी काढलेले चित्र पेनाने गिरवायला द्यावे, पेन कागदातूनही चालते. कागदावर टोक लवकर झिजते, म्हणून जादा टोके आधीच जपून ठेवावीत. दुसरी गोष्ट, केलेले पुसण्याचे बटण. ते इतके सोपे आहे की काही मुले एकच रेघ वीस वेळा मारतात आणि तास संपतो. बाईंनी नियम केला आहे की पहिली दहा मिनिटे ते बटण दाबायचे नाही. नियमाबद्दल तक्रारी आल्या. नियम कायम आहे.

घरी संगणक नाही, मोबाईलवर चालेल का? काही पाट्या अँड्रॉइड फोनला ओटीजीच्या जोडणीने चालतात, पण उभ्या फोनवर पाटीचा बराच भाग वाया जातो. संगणक नसेल तर तूर्त पाटी घेऊ नये. तेवढ्या पैशांत भरपूर कागद आणि चांगले जलरंग येतात, आणि पाटी शाळेत आहेच.

विश्वस्त मंडळींसमोर येत्या अंदाजपत्रकात आणखी एक बिनतारी पाटी घेण्याचा प्रस्ताव आहे. माझे मत विचाराल तर आधी कक्षातले दोन सर्वांत जुने संगणक बदलावेत. मोठा ब्रश फिरवला की ते थांबतात, आणि मुले पाटीला दोष देतात. एक बिनतारी सभागृहाला सध्या पुरते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पहिले पाच दिवस संगणक कक्ष सकाळी 9 ते 11 उघडा राहील. सहावीपासूनच्या मुलांनी यावे. येताना कागदावर काढलेले एक चित्र बरोबर आणावे. बांगडी शाळेत आहे.