अम्मीच्या नळीची वही

दोन वर्षांपूर्वी अम्मीच्या आतड्याचा खराब भाग काढून डॉक्टरांनी उरलेली टोकं जोडली. वॉर्डात आणलं तेव्हा तिच्या पोटाच्या कडेला एक नळी होती आणि नळीला पिशवी. शुद्धीवर आल्यापासून अम्मीचा एकच सवाल, "बेटा, ये नली कब निकलेगी?"

सिस्टरने मला समजावलं. पोटात साठणारं पाणी या नळीतून बाहेर येतं, त्यावरून आत काय चाललंय याचा अंदाज येतो. आधी लालसर, मग गुलाबी, मग फिकट पिवळं होत गेलं तर बरं. ताजं रक्त वाढलं, हिरवट पित्त, शौचासारखा रंग, पू किंवा दुर्गंधी आली, तर लगेच सांगायचं. पिशवी जखमेपेक्षा खाली टांगायची, पण जमिनीवर ठेवायची नाही.

मी शिक्षिका. हजेरीपटासारखी वही आखली: वेळ, मिली, रंग, वास, ताप. पहिल्या दिवशी 120 मिली, मग 90, 60, 40. पाचव्या रात्री पिशवी कोरडी. खाला म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह, सूख गया." मीही शून्य लिहिलं आणि निर्धास्त झोपले.

पहाटे अम्मी कण्हत होती. पोट फुगलं होतं, अंग तापलं होतं. तरी मी सिस्टरला म्हणाले, "पिशवीत तर काहीच नाही." तिने वही पाहिली आणि चादर बाजूला केली. नळी अम्मीच्या मांडीखाली दुमडली होती. सरळ करताच गढूळ, तपकिरी पाणी उतरलं. त्याचा वास अजून विसरले नाही. सीटी स्कॅनमध्ये आतड्याचा जोड गळताना दिसला. त्याच दिवशी दुसरं ऑपरेशन झालं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, नळी गुठळीनेही बंद होते, कधी गळती नळीपासून दूर असते. म्हणून नुसती पिशवी पाहू नये. ताप, नाडी, पोटदुखी, फुगवटा, सगळं पाहावं.

अल्लाहच्या करमाने अम्मी आज घरात चालते-फिरते. वही कपाटात आहे, त्यातलं शून्य मी खोडलं नाही. बहिणींनो, रुग्णाजवळ बसण्याची वेळ आली आणि पिशवी अचानक कोरडी दिसली, तर शुक्र अदा करण्याआधी सिस्टरला बोलवा.