सोन्याच्या धुराचें वजन

आपल्या देशांत एके काळीं सोन्याचा धूर निघत असे, हें वाक्य ज्या घरांत कधीं उच्चारलें गेलें नाहीं असें मराठी घर सांपडणें कठीण. आजोबांनीं तें नातवाला सांगावें, नातवानें तें शाळेच्या निबंधांत लिहावें आणि मास्तरांनीं त्याखालीं 'उत्तम' असा शेरा मारावा, हा क्रम कित्येक पिढ्या चालला आहे. तो धूर किती निघत असे, हें मात्र कोणी विचारीत नसे. धुराचें वजन करण्याचा ताजवा कोणापाशीं होता?

अलीकडे हें वाक्य आंकड्यासह कानीं येऊं लागलें आहे. १७०० सालीं जगाच्या एकंदर उत्पन्नापैकीं जवळजवळ चतुर्थांश एकट्या हिंदुस्थानचें होतें, असें सभेंत, वर्तमानपत्रांत आणि जेवणाच्या पंक्तींतहि सांगण्यांत येतें. आंकडा आला कीं वाद संपला, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत असते. मला वाटतें, खरा वाद तेथेंच सुरू व्हावयास हवा.

हा आंकडा कोणीं उगीच रचलेला नाहीं. अँगस मॅडिसन (१९२६–२०१०) या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें जगांतील सर्व प्रदेशांचें हजार-दोन हजार वर्षांचें उत्पन्न एका कोष्टकांत मांडण्याचें प्रचंड काम केलें, आणि २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत हिंदुस्थानचा १७०० सालचा वांटा शेंकडा २४.४ दिलेला आहे. परंतु त्याच ग्रंथांत लोकसंख्येचेंहि कोष्टक आहे, आणि वक्ते तें सहसा उघडीत नाहींत. त्या सालीं जगाची लोकसंख्या सुमारें ६० कोटी आणि हिंदुस्थानची १६॥ कोटी, म्हणजे शेंकडा २७ धरलेली आहे. शंभरांत सत्तावीस माणसें आणि शंभरांत चोवीस रुपये! दरडोई उत्पन्न हिंदुस्थानचें ५५० डॉलर, जगाची सरासरी ६१५ आणि ब्रिटनचें १२५०. (हा डॉलर बाजारांत मिळणारा नव्हे, देशोदेशींच्या किंमतींचा मेळ घालून १९९० सालच्या पायावर बसविलेलें तें एक कल्पित माप आहे.) एकत्र कुटुंबांत राहणारांना याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. तीस पानांच्या पंक्तीला चार माणसांच्या बिऱ्हाडापेक्षां तांदूळ अधिक लागतो. त्यावरून त्या घरचीं माणसें अधिक जेवतात, असें कोणी म्हणत नाहीं.

'१७०० सालीं शेंकडा २४, आणि १९५० सालीं शेंकडा ४', अशी तुलना नेहमीं करण्यांत येते. तिच्यांतहि एक गोम आहे. पहिल्या आंकड्यांतील हिंदुस्थानांत आजचा पाकिस्तान व बांगलादेश हे समाविष्ट आहेत. दुसऱ्यांतील हिंदुस्थान फाळणीनंतरचा. घराच्या वांटण्या झाल्यावर एका भावाची चूल पाहून, पूर्वीच्या सबंध वाड्याशीं तिची तुलना करावी, तसा हा प्रकार झाला.

मग निदान दरडोई आंकडा तरी भरंवशाचा मानावा कीं नाहीं? त्यासाठीं मूळ पुरावा पाहिला पाहिजे. सबंध देशाची एकाच वेळीं शिरगणती प्रथम १८८१ सालीं झाली. त्यापूर्वींच्या काळासाठीं अबुल फजलचा 'आईन-ए-अकबरी' हा मोठा आधार. त्यांत साध्या मजुराची रोजी २ दाम आणि गव्हाचा भाव मणास १२ दाम दिलेला आहे. अकबरी मण सुमारें २५ किलोंचा. तेव्हां एका दिवसाच्या मजुरींत ४ किलोंहून थोडे अधिक गहूं येत. हिशेब किती सुटसुटीत! पण ही मजुरी बादशाही बांधकामावरची. खेड्यांतील मजुराला ती मिळे काय? वर्षांतून किती दिवस काम मिळे? बलुतेदाराला खळ्यावर मिळणारें धान्य कोणत्या रकान्यांत मांडावयाचें? पुण्याच्या पेशवे दप्तरांत जमाखर्चाचे रुमालच्या रुमाल आहेत. परंतु त्यांतील भाव काढणाराला शेर कोणत्या गांवचा, पायली किती शेरांची आणि रुपया अंकुशी कीं चांदवडी, हें आधीं ठरवावें लागतें.

आणखी मागें गेलें कीं पुरावा संपतो आणि गृहीत सुरू होतें. माणसाला नुसतें जगावयास वर्षाकांठीं निदान ४०० डॉलर लागतातच, असें धरून मॅडिसननें हिंदुस्थानला इसवी सन १ साठीं ४५० डॉलर दिले आणि सन १००० साठींहि ४५०च. ज्या हजार वर्षांत सातवाहन, गुप्त, चालुक्य आणि राष्ट्रकूट होऊन गेले, त्यांत दरडोई एका डॉलरचाहि फरक पडला नाहीं, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. फरक मोजण्याचें साधन नाहीं, एवढाच त्या सपाट रेषेचा अर्थ.

प्रदेशाप्रदेशांची तुलना करूं लागलें कीं मापाचाच प्रश्न उभा राहतो. स्टीफन ब्रॉडबेरी आणि विष्णुप्रिया गुप्ता या अभ्यासकांनीं २००६ सालीं जुन्या मजुरीचा हिशेब दोन प्रकारें करून दाखविला. मजुरी चांदींत मोजली तर सोळाव्या शतकाच्या अखेरीसच इंग्लंडचा मजूर आपल्या मजुराच्या पुष्कळ पुढें दिसतो; धान्यांत मोजली तर तें अंतर फारच थोडें उरतें, कारण येथें धान्य स्वस्त होतें. जो चांदी मोजतो तो व्यापाऱ्याचा ताजवा घेऊन बसला आहे, आणि जो धान्य मोजतो तो गृहिणीचा. यांपैकीं कोणालाहि खोटें म्हणतां येत नाहीं.

ही अडचण केवळ जुन्या काळाची, असेंहि नाहीं. डिसेंबर २००७ मध्यें जागतिक बँकेनें देशोदेशींच्या किंमतींची नवी तुलना प्रसिद्ध केली, तेव्हां चीन व हिंदुस्थान यांचें उत्पन्न पूर्वींच्या अंदाजापेक्षां शेंकडा ४० च्या आसपास कमी ठरलें. कोठें पीक बुडालें नव्हतें कीं गिरणी बंद पडली नव्हती. मोजपट्टी तेवढी बदलली होती. २०१४ सालीं पुढची तुलना आली, आणि गेलेलें उत्पन्न बरेंचसें परतहि आलें!

आतां आमच्या वाचक-भगिनींच्या जिव्हाळ्याची गोष्ट. पिगू या केंब्रिजच्या पंडितानें पूर्वींच दाखवून दिलें होतें कीं, पगार घेऊन घर सांभाळणाऱ्या बाईशीं धन्यानें लग्न केलें तर राष्ट्राचें उत्पन्न तितकें घटतें. काम तेंच, पण पगार थांबला. सायमन कुझ्नेट्स यानें १९३४ सालीं अमेरिकेचें राष्ट्रीय उत्पन्न मोजलें, तेव्हां गृहिणींचें काम त्यांत धरलेलें नाहीं, हें त्यानें स्वच्छ सांगून ठेवलें. ज्या घरांत पहाटे जातें फिरे, बाळंतपणें घरींच होत आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा सुना करीत, त्या घरचें हें सारें उत्पन्न कोष्टकांत शून्य. पुढें पीठ गिरणींतून आलें, शुश्रूषेला दाई ठेवली, कीं तेंच काम 'वाढ' म्हणून नोंदलें जातें. दोन शतकांच्या प्रगतींतील कांहीं भाग असा नुसता उंबरठा ओलांडण्याचा आहे. आणि ज्या प्रदेशांत घरचें काम अजून घरांतच होतें, तो तितकाच अधिक गरीब दिसतो.

तर मग मोजूंच नये काय? असें म्हणणें मला अनिष्ट वाटतें. १८७६ सालीं दादाभाई नौरोजींनीं मुंबईंत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, आणि प्रांतोप्रांतींच्या पिकांची बेरीज करून दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये ठरविलें. तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राला याहून अधिक खर्च येतो, हें सरकारच्याच कागदांवरून त्यांनीं दाखवून दिलें. १९०१ सालीं लॉर्ड कर्झननीं तोच आंकडा ३० रुपये सांगितला. आणि विल्यम डिग्बी या इंग्रज गृहस्थानेंच त्याच वर्षीं तो खोडून काढला. दादाभाईंचा हिशेब स्थूल होता. पण तो केला नसता, तर आपल्या दारिद्र्याची गोष्ट नुसती कुरकुर म्हणून उडवून लावतां आली असती. १९४९ सालीं स्वतंत्र सरकारनें राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली. तींत महालनोबीस व राव यांच्याबरोबर पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. दादाभाईंनीं एकट्यानें आरंभिलेल्या कामाला अशी राजमान्यता मिळाली.

म्हणून आंकडे टाकूं नयेत. पण योग्य रकाना वाचावा. मॅडिसनच्याच कोष्टकांत हिंदुस्थानचे दरडोई ५५० डॉलर १९१३ सालीं ६७३ झाले, आणि ब्रिटनचे १२५० तेवढ्याच काळांत ४९२१. त्या संख्यांत कमीअधिक चूक असेल. परंतु एवढें मोठें अंतर केवळ मापाच्या चुकीनें पडत नाहीं. सोन्याचा धूर नाहींसा झाला, यापेक्षां दोनशें वर्षें आमचा माणूस जवळजवळ होता तेथेंच उभा राहिला, ही गोष्ट मला अधिक दुःखाची वाटते. नातवाला सांगावयाचीच झाली तर आजोबांनीं ही गोष्ट सांगावी. आणि ती कशावरून, असें त्यानें विचारलें, तर कौतुकानें उत्तर द्यावें.