सवय नाकाला होते

आमच्या हरिहरेश्वरात रसायनांचा विषय निघाला की बोट सावित्रीकडे जातं. महाडच्या एमआयडीसीचं सांडपाणी तिच्यात, आणि ती बाणकोट खाडीतून आमच्या दारात समुद्राला मिळते. मीही तेच बोलत आलो: विष येतं ते पाण्यातून. होडीला फायबर मारणारी पोरं रेझिन-थिनरच्या वासात दिवस काढतात, त्याचं मला काही वाटत नसे. "सुरुवातीला डोकं चढतं, मग सवय होते," असं ती म्हणत आणि मला ते पटे.

आता पटत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या जातात, डागडुजी निघते. पाऊस लागू नये म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री. आत एक जण होडीच्या पोटात वाकून काचेच्या मॅटवर रेझिन चोपडतो, ब्रश ॲसिटोनच्या डब्यात बुडवतो, हातही त्यातच धुतो. रेझिनमधून उडणारी स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी, त्याच्या तोंडापाशीच साचते. तोंडाला बांधलेल्या रुमालाने वाफ अडत नाही.

ही द्रव्यं चरबीत विरघळतात, आणि मेंदूत चरबी भरपूर. श्वासातून रक्तात, रक्तातून मेंदूत ती चटकन पोहोचतात. आधी झिंग, डोकेदुखी, मळमळ. वर्षानुवर्षं चाललं तर विसराळूपणा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं. स्कँडिनेव्हियातल्या रंगाऱ्यांमध्ये हे १९७० च्या दशकात ठळकपणे दिसलं. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने या विकाराच्या पायऱ्या ठरल्या. स्टायरीनमध्ये काम करणाऱ्यांना रंगांतला बारीक फरक ओळखणं जड जातं, हेही आढळलंय. नशेसाठी थिनर हुंगत राहणाऱ्यांच्या मेंदूत तर थिनरमधल्या टोल्यूइनमुळे मज्जातंतूंवरचं आवरणच झडतं.

सवय होते ती नाकाला. वास जाणवेनासा होतो, वाफ तेवढीच राहते. आणि घरातला कर्ता माणूस चिडका, विसराळू झाला की आपण दारूला नाहीतर वयाला बोल लावून मोकळे होतो.

सावित्रीबद्दलची माझी तक्रार कायम आहे. पण नदीसाठी कारखान्यांशी भांडावं लागतं; ताडपत्री वर करायला कुणाची परवानगी लागत नाही. होडीमालकांनो, पर्यटकांच्या खोल्या रंगवून घेणाऱ्यांनो, दोन बाजू उघड्या ठेवा, कोळशाच्या फिल्टरचा मास्क आणून द्या आणि ज्याचं डोकं जड होतंय त्याला आधी मोकळ्या हवेत बसवा. त्याची त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नका.