तीन हजार वर्षांचे झाड आणि द्राक्षवेलीची काठी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेस्नो हा द्राक्षमळ्यांचा मुलूख. तेथून पूर्वेला सिएरा नेवाडा डोंगराचा घाट चढून गेले की सिकोया नावाचे प्रचंड वृक्ष लागतात. आपल्या मोठ्या वाड्याची खोली मावेल एवढे खोड आणि वीस-पंचवीस मजली इमारतीएवढी उंची! पण वाटेत एका रानात उभ्या झाडांपेक्षा त्यांचे खुंटच नजरेत भरतात. त्या जागेचे नावच ‘बिग स्टंप’, म्हणजे मोठा खुंट.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्राची करवत नव्हती. मग एवढे झाड माणसाने पाडले तरी कसे? बुडाशी खोड फार फुगलेले असते, म्हणून तोडणारे वर चढत. कुऱ्हाडीने खोडात खाच पाडायची, तीत लोखंडी टोकाची जाड फळी बसवायची आणि तिच्यावर उभे राहून काम करायचे. कुठे खोडाभोवती लाकडी माचच बांधत. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला कुऱ्हाडीने मोठा घास घ्यायचा. मग उलट बाजूने दोघांनी लांबलचक करवत ओढायची. एक करवत पुरत नसे, तेव्हा दोन जोडून एक करीत. झाडाच्या भाराने करवत अडकू नये म्हणून मागून पाचरी ठोकीत जायचे. झाड पडायच्या जागी फांद्यांची गादीही अंथरीत.

1891 साली येथील ‘मार्क ट्वेन’ नावाचा वृक्ष पाडायला 13 दिवस लागले. त्याचा एक काप न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्यावर तेराशेहून अधिक वर्तुळे मोजली गेली. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष.

एवढ्या कष्टाचे फळ काय मिळाले? सिकोयाचे लाकूड ठिसूळ. गादी अंथरूनही कितीतरी झाडे पडताच फुटून त्यांचे तुकडे होत. जे हाती लागे त्यातून पुष्कळदा छपराच्या फळ्या, कुंपणाचे खांब आणि द्राक्षवेलींना आधाराच्या काठ्या निघत. हजारो वर्षांचे झाड, आणि त्याची वेलीखालची काठी!

याच डोंगरात वॉल्टर फ्राय नावाचा लाकूडतोड्या होता. 1888 साली त्याने चार सोबत्यांसह पाच दिवस खपून एक सिकोया पाडला. मग सहज वर्तुळे मोजायला बसला, ती भरली 3266. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. हे वृक्ष राखावेत असा अर्ज निघाला तेव्हा त्यावर तिसरी सही त्याची होती. 1890 साली सिकोया राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे 1914 मध्ये फ्राय त्याच उद्यानाचा अधीक्षक झाला.

वाचकहो, वर्तुळे मोजता येतात ती झाड पडल्यावर. म्हणून बांधावरच्या जुन्या आंब्याला, चिंचेला कुऱ्हाड लावण्यापूर्वी तिचे वय घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे हे बरे.